मुरब्याची खाडी पाहायला जाण्यापूर्वी



कार्यक्षेत्रातील विद्यालयांच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींची सहल यंदा पालघर जिल्ह्यातील मुरबे येथे न्यावयाचे ठरले आहे. समुद्राला लागून, सातपाटीच्या खाडीपलीकडे वसलेले हे मच्छीमारांचे गाव. "पोरांना पैसे खर्चून चिखल दाखवायला कशाला नेता?" असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पाणथळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिबडलेले रान आणि पिवळा पडलेला ऊस उभा राहतो. म्हणून मुले निघण्यापूर्वी थोरांनीही चार गोष्टी समजून घ्याव्यात, यासाठी हा लेखनप्रपंच.

पाणथळ कशाला म्हणावे?

इराणमधील रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या कराराप्रमाणे दलदल, तळे, नदी, खाडी, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्राचा भाग, हे सारे पाणथळच. पाणी गोडे असो वा खारे, जागा निसर्गाने केलेली असो वा माणसाने. आपल्या राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणजे निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर. त्याला हा मान मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. तेही मूळचे पाटबंधाऱ्याचेच पाणी! बंधाऱ्यात गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरे आली. त्यानंतर लोणार सरोवर व ठाण्याची खाडीही त्या यादीत गेली.

वाफसा नसलेली जमीन

उसाच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते, हे आपणांस सांगायला नको. वाफसा आला नाही तर मूळ गुदमरते. जादा पाण्याने आणि निचरा नसल्याने क्षार वर आले की रान चोपण होते. आता खाडीचा चिखल पाहा. त्याला वाफसा कधी येतच नाही, आणि क्षार तर दर भरतीला नवे. तरीही तिथे झाडे उभी आहेत. ती कशी जगतात, हेच मुलांनी पाहायचे आहे.

तिवराच्या बुडाशी चिखलातून वर आलेल्या, पेन्सिलीएवढ्या काड्या दिसतील. ती त्याची श्वासमुळे. खाली हवा नाही म्हणून मूळच वर येऊन श्वास घेते. तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे बी झाडावरच रुजते आणि कोंब काठीसारखा लांब झाला की खाली पडतो. चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास आला तर मुलांनी नाक मुरडू नये. हवेविना जगणारे जिवाणू कुजका पाला फोडतात, त्यांच्या कामाचा तो वास आहे. त्या पाल्यावर किडे, खेकडे आणि कोळंबीची पिल्ले पोसतात, त्यांच्यावर मासे आणि बगळे. आपण शेणखत घालून जमीन पोसतो, खाडी आपल्या पालापाचोळ्यावर समुद्र पोसते.

म्हणूनच खाडी मेली तर कोळ्याचे जाळेही रिकामे राहते. पापलेट हा २०२३ साली राज्यमासा ठरला. त्या पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीच्या मच्छीमारांच्या जुन्या सहकारी संस्था आहेत, म्हणजे ते आपले सहकारातले भाऊबंदच.

एक किलो साखरेचा हिशेब

हा भाग सभासदांनी नीट वाचावा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो, लिटरला साधारण आठ मिलिग्रॅम. मासा त्यावरच जगतो. साखर पाण्यात गेली की जिवाणू ती खातात आणि हाच प्राणवायू वापरतात. एक किलो साखर पुरती कुजायला सव्वा किलोहून थोडा कमी प्राणवायू लागतो. म्हणजे सुमारे सव्वा ते दीड लाख लिटर पाण्यातला प्राणवायू एक किलो साखर संपवू शकते! दहा हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर मोजा. मळी, धुण्याचे पाणी आणि आसवनीचे सांडपाणी ओढ्यात गेले तर मासे का मरतात, ते यावरून कळेल.

मुरब्याच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकातला नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ साली लवादाने उद्योगांवर भरपाई बसवली. मुरब्याला बंदर बांधण्याचा प्रस्तावही पुढे आला असून मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. मुलांनी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकावे, आणि घरी आल्यावर आपल्या कारखान्याचे पाणी कुठे जाते तेही विचारावे. त्यांना नीट उत्तर देता येईल असा कारभार ठेवणे हे आपणा सर्वांचे काम.

भरतीचे गणित

खाडी पाहायची ती ओहोटीला. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, तर साधारण सहा तासांनी, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढते व खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. हा हिशेब ढोबळ आहे. चिखलात पाऊल टाकण्यापूर्वी गावच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय शिक्षकांनी मुलांना पुढे सोडू नये.

मुलांसाठी सूचना

१. जुने बूट घालावेत. कालवांच्या शिंपा पाय कापतात.
२. श्वासमुळांवर पाय देऊ नये, फांदी तोडू नये. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास मनाई केली आहे.
३. निवटी दिसल्यास शांत उभे राहावे. हा मासा चिखलावर उड्या मारत चालतो, पण चाहूल लागताच बिळात शिरतो.
४. पाणी, मूठभर चिखल आणि दिसलेले पक्षी यांची वहीत नोंद करावी. सोबत आपल्या चोपण रानातील मूठभर माती न्यावी व दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात.

तोडणीची पाळी आहे म्हणून मुलाला सहलीला ठेवून घेऊ नका. एक दिवस मोळ्या बांधायला हात कमी पडला तरी चालेल. रानातला निचरा आणि ओढ्यातले पाणी पुढे याच मुलांना सांभाळायचे आहे.