ठाऊक असेल तरच सांगावं : सीमेवरचा राउटर आणि डिफॉल्ट रूट

मागच्या वेळी राउटर आपली मार्गसारणी कशी भरतो, ते आपण पाहिलं. आजचा प्रश्न असा, की ज्या पत्त्याचा मार्ग सारणीत नाही, ते पॅकेट द्यायचं कुणाकडे?

आपल्या बेव्हर्ली पार्कचा पिन कोड 401107. ही पिन कोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडितांनी आखली; 15 ऑगस्ट 1972 रोजी ती सुरू झाली. आपल्याच पिनचं पत्र इथेच वाटलं जातं. बाकीचं, नागपूरचं असो की गुवाहाटीचं, पुढच्या वर्गीकरण केंद्राकडे जातं. गुवाहाटीची वाट इथल्या पोस्टमनला ठाऊक असायची गरज नसते. डिफॉल्ट रूट हेच करतो. तो 0.0.0.0/0 असा लिहितात. अधिक नेमका मार्ग असेल तर आधी तो. नसेल तर हा.

आता समजा, इथल्या एका संस्थेने दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेतलं. सीमेवर दोन राउटर, एक मुख्य आणि एक राखीव. आत ओएसपीएफ चालतं. आतल्या राउटरना बाहेरची वाट कोण सांगणार? सीमेवरचे हे दोघे. सिस्कोच्या राउटरवर त्यासाठी 'डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट' ही आज्ञा देतात. मुख्य राउटरला मेट्रिक 10 आणि राखीव राउटरला 100 दिलं, की मुख्य राउटर घोषणा करतोय तोवर सगळे त्याच्याकडेच जातात.

गंमत पुढे आहे. नुसती आज्ञा दिली, तर राउटरच्या स्वतःच्या सारणीत डिफॉल्ट रूट असेल तरच तो घोषणा करतो. पण पुढे 'ऑल्वेज' हा शब्द जोडला, की स्वतःकडे वाट नसली तरी तो सांगत राहतो, 'माझ्याकडे पाठवा.' मुख्य जोडणी तुटली तरी पॅकेटं त्याच्याकडे येतात आणि तिथेच टाकून दिली जातात. शेजारी राखीव जोडणी चांगली चालू असते, पण तिला कुणी विचारत नाही!

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण ते आप्ताचं वचन असेल तरच. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो. आतला राउटर सर्वस्वी शब्दावर चालतो. म्हणून बोलणारा आप्त हवा.

'ऑल्वेज' काढलं म्हणजे झालं, असंही नाही बरं का. डिफॉल्ट रूट हाताने लिहिला असेल, तर कंपनीच्या मोडेमपर्यंतची वायर शाबूत असेतो तो सारणीत राहतो, पलीकडे सगळं बंद असलं तरी! त्यावर उपाय दोन. कंपनीकडून डिफॉल्ट रूट बीजीपीने घ्यायचा, किंवा दूरच्या एखाद्या पत्त्याला ठरावीक वेळाने हाक मारायची आणि उत्तर थांबलं की तो रूट काढून टाकायचा.

आणि शेवटी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुख्य वायर स्वतःच उपटून बघायची. राखीव जोडणी खरंच कामाला येते का, हे त्या दिवशी कळलेलं बरं. पुढच्या वेळी बीजीपीकडे वळू.