मनात आलं की फुलणारं गाव

पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतात, स्पेनच्या सीमेला खेटून कांपू मायोर नावाचं गाव आहे. वस्ती आठ हजारांच्या आसपास, घरं पांढरी, गल्ल्या अरुंद. पोर्तुगालमध्ये घरोघरी पोहोचलेली डेल्टा कॉफी इथलीच. रुई नाबेरू यांनी १९६१ साली ती सुरू केली. पण गावाचं नाव खरं गाजलं ते कागदी फुलांमुळे. उत्सवाच्या वर्षी गल्ल्याच्या गल्ल्या या फुलांनी झाकून जातात.

हे वर्ष मात्र कुठल्याच पंचांगात सापडत नाही. लोकांच्या मनात आलं तर उत्सव, नाहीतर नाही. २०११ साली झाला, मग थेट २०१५ साली. वरून हुकूम सोडून तो होणारच नाही, कारण फुलं गल्लीनेच करायची असतात, तीही विनामोबदला, दिवसाची कामं आवरून.

प्रत्येक गल्लीला एक प्रमुख असतो किंवा असते. रंग कुठले, फुलं कोणती, कागद किती, कुणी काय करायचं, हा सगळा भार त्या माणसावर. महिनोन्महिने रात्रीची जेवणं उरकली की आज्या, नाती, कामावरून परतलेले पुरुष एकत्र बसतात आणि कात्र्या चालू होतात. शेजारच्या गल्लीला काही कळू द्यायचं नाही, हा पक्का नियम. आपल्याकडे गणपतीच्या देखाव्यावर पडदा टाकून ठेवतात, तशीच ही गुप्तता.

टिश्यू कागदाचं सगळ्यात सोपं फूल कुठेही एकाच रीतीने होतं. सहा-सात तुकडे एकावर एक ठेवायचे, बोटभर रुंदीच्या चुण्या घालत त्यांची पट्टी करायची आणि मधोमध तार आवळायची. टोकं गोल कातरली तर पाकळी मऊ दिसते. दातेरी कातरली की कार्नेशन तयार. मग एकेक पापुद्रा चिमटीत धरून मध्याकडे उचलायचा. खरी परीक्षा इथेच. घाई केली की कागद तारेपाशी टरकन फाटतो. गुलाब याहून चिवट काम मागतो: पाकळ्या सुट्या कापायच्या, कात्रीच्या पात्यावरून ओढून कडा वळवायच्या, तारेभोवती एकेक गुंडाळत दोऱ्याने बांधायच्या. शेवटी देठाला हिरव्या कागदाची पट्टी. असा एक गुच्छ करायलाही संध्याकाळ जाते. इथे तर अख्खा रस्ता भरायचा असतो.

कागद पातळ, म्हणून ऊन त्यातून झिरपतं आणि डोक्यावर दोऱ्यांना टांगलेलं छत रंगीत उजेड सांडतं. पातळ, म्हणूनच पावसाच्या एका सरीत सगळं मातीमोल. उन्हाळ्याच्या अखेरीचा कोरडा काळ त्यासाठीच सोयीचा.

या उत्सवाची मुळं गावाचा रक्षक संत जॉन बाप्टिस्ट याच्या सणात आहेत. गोव्यात याच संताच्या सांजांवला, २४ जूनला, लोक ताज्या पानाफुलांचं कोपेल डोक्यावर घालून विहिरीत उड्या मारतात. तिथे भर पावसाळा आणि खरी फुलं, इथे रखरखीत उन्हाळा आणि कागद!

उत्सवाच्या आदल्या रात्री सारं गाव जागं असतं. शिड्या लागतात, दोऱ्या ताणल्या जातात आणि सकाळपर्यंत गल्ल्या ओळखू येत नाहीत. मग खंजिरीच्या तालावर ‘सायाश’ ही इथली लोकगीतं सुरू होतात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने हा उत्सव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. हा मान जितका फुलांचा, तितकाच ती करायला रात्ररात्र एकत्र बसणाऱ्या शेजाऱ्यांचा आहे. मुलं पाकळी वळवायला शिकतात, तीही याच बैठकींत, मोठ्यांच्या हाताकडे बघत.