खारजमिनीतील पंपाचा राखणदार

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गास वसई व पनवेलकडील मार्ग जेथे येऊन मिळतात, ते दिवा आज दाट वस्तीचे ठिकाण झाले आहे. तथापि लगतच्या खाडीने जमिनीस दिलेला गुणधर्म वस्तीमुळे पालटलेला नाही. पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जातात व भात पिकतो. पावसाळा सरताच जमीन वाळू लागते. खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, त्याची वाफ होते आणि मीठ मुळांपाशी साचते. अशा खाडीकाठच्या जमिनीत शेततळ्याच्या गोड्या पाण्यावर हिवाळी भाजीपाला घेणाऱ्यास जमीन वाळू देता येत नाही, आणि मोजके पाणी उधळताही येत नाही. पंप वेळेवर सुरू होणे व वेळेवर थांबणे यांवरच पीक अवलंबून असते. हे काम एका लहानशा नियंत्रण-बोर्डाकडे सोपविता येते.

बोर्ड म्हणजे काय?

बोर्ड म्हणजे एकच काम अखंड करणारा छोटा संगणक होय. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो हा त्यांतील सुपरिचित प्रकार. त्याच्या ‘उनो’ बोर्डावर सेन्सरचे कमीअधिक दाब वाचणाऱ्या ६ जागा असून तो ० ते ५ व्होल्टचा दाब ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम यू. एस. बी. तारेने बोर्डात भरावा. वीज गेली तरी तो पुसला जात नाही.

सेन्सरची निवड

बाजारात दोन टोकांचा स्वस्त सेन्सर मिळतो. तो मातीतून वीज किती सहज वाहते यावरून ओल ठरवितो. खारजमिनीत येथेच फसगत होते. क्षारामुळे वीज अधिक वाहते, सेन्सर माती ओली असल्याचे सांगतो आणि पीक तहानलेले असताना पंप बंद राहतो. शिवाय त्याची टोके लवकर गंजतात. त्याऐवजी धारकतेवर चालणारा, म्हणजे कपॅसिटिव्ह, सेन्सर घ्यावा. त्यावरही क्षाराचा परिणाम होतो, परंतु कमी. म्हणून दुसऱ्याच्या शेतातील आकडे कधीही उसने घेऊ नयेत.

आपल्या मातीचे आकडे काढणे

मुळांच्या खोलीवरील माती घेऊन उन्हात वाळवावी, डब्यात दाबून भरावी व सेन्सर खोचून आकडा टिपावा. नंतर नेहमीच्या सिंचनाचेच पाणी त्या मातीस भरपूर द्यावे, तळाच्या भोकांतून जादा पाणी निथळू द्यावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडा टिपावा. समजा, कोरड्या मातीत ५८० व ओल्या मातीत ३१० आले. या सेन्सरचा आकडा माती वाळते तसा वाढतो. तेव्हा ४३० च्या वर पंप सुरू व ३५० च्या खाली बंद, असे दोन आकडे प्रोग्रॅममध्ये द्यावेत. एकच आकडा दिल्यास पंप क्षणोक्षणी चालू-बंद होऊन मोटार खराब होते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. हंगामात क्षार वाढतात, म्हणून सेन्सरची तपासणी अधूनमधून पुन्हा करावी.

प्रोग्रॅमची रचना

प्रोग्रॅमचे दोन भाग असतात. पहिला भाग बोर्ड सुरू होताना एकदाच चालतो. त्यात पंप बंद ठेवण्याची आज्ञा सर्वांत आधी लिहावी. दुसरा भाग पुनःपुन्हा चालतो : दहा वेळा ओल वाचावी, सरासरी काढावी, दोन आकड्यांशी ताडून पाहावी, पंपास आज्ञा द्यावी व थोडे थांबावे.

एवढ्याने भागत नाही. खारजमिनीतील चिकण माती वाळली की तिला भेगा पडतात. सेन्सर भेगेत सापडला तर त्यास हवाच लागते, तो सदैव ‘कोरडे’ सांगतो आणि पंप शेततळे रिकामे होईपर्यंत चालतो. यास्तव पंपाची एका वेळची कमाल मुदत प्रोग्रॅममध्ये घालावी, शेतात दोन ठिकाणी सेन्सर लावावेत आणि दोहोंत फार तफावत आढळल्यास पंप थांबवावा. शेततळ्यात तरंगता स्विच बसवावा, म्हणजे पंप कोरडा चालणार नाही.

जोडणी व सुरक्षितता

बोर्डाने पंप थेट चालवू नये. बोर्डाने रिलेस, रिलेने कॉन्टॅक्टरच्या कॉइलला व कॉन्टॅक्टरने पंपास वीज द्यावी. रिलेचे एरवी उघडे राहणारे टोक वापरावे, म्हणजे बोर्ड बिघडून बंद पडला तर पंपही बंद राहतो. २३० व ४१५ व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी व अर्थिंग तपासावे. हाताने पंप बंद करण्याचा स्विच स्वतंत्र असावा. खाऱ्या हवेने सांधे गंजतात. बोर्ड पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवून तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात.

प्रथम पंपाऐवजी दिवा जोडून आठवडाभर चाचणी घ्यावी. रोज माती मुठीत दाबून पाहावी आणि दिव्याचे म्हणणे हाताच्या पारखीशी जुळते की नाही, याची नोंद ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चाचणी शेतकऱ्याच्या हातून करवून घ्यावी. बोर्ड सांगितलेले तेवढेच करतो. काय सांगावयाचे हे मात्र ती जमीन कसणाऱ्यासच ठाऊक असते.