फवाऱ्याचे औषध आणि छातीतली गाठ

गावातल्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ झाली, तर ती आधी कुणाला सांगते? बहुतेक कुणालाच नाही. पदराआड झाकून ठेवते. दुखत नाही ना, मग कशाला बोभाटा, असे म्हणते. सहा महिन्यांनी गाठ लिंबाएवढी होते, मग नवऱ्याच्या कानावर जाते. तेव्हा कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते मागल्या जन्मीचे. शेजारीण तिच्या ताटाला शिवायची बंद होते.

मायबहिणींनो, यातले काहीच खरे नाही. हा स्तनाचा कर्करोग. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले असते, जशी भिंत विटांची. पेशी जुन्या होतात, नव्या येतात, हे सारे बेताने चालते. एखादी पेशी बेताल होते आणि वाढतच सुटते. शेतात एक हरळीची मुळी राहिली म्हणजे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. तीच गत. हा रोग पुरुषालाही होतो बरं का, पण शंभर रोग्यांत एखादाच पुरुष.

मग पेशी बेताल का होते? थोडी कारणे पक्की ठाऊक आहेत. वय वाढते तसा धोका वाढतो. पाळी लवकर सुरू झाली, उशिरा गेली, मूल झाले नाही किंवा फार उशिरा झाले, दारूची सवय असली, पाळी गेल्यावर अंगात चरबी फार झाली, तर धोका वाढतो. आईकडून किंवा बापाकडून रक्तातून येणारा दोष शंभरात पाच ते दहा बायांतच सापडतो. बाकीच्यांचे काय?

इथे जपानची गोष्ट सांगतो. जपानात हा रोग पूर्वी कमी होता. तिथली माणसे अमेरिकेत जाऊन राहिली. रक्त तेच, वंश तोच. पण त्यांच्या लेकींत आणि नातींत हा रोग वाढत गेला, तिथल्या गोऱ्या बायांच्या जवळ जाऊन पोचला. आपल्याकडेही तसेच. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवतात. तिथे हा रोग मुंबईच्या मानाने कमी दिसतो. म्हणजे राहणी, खाणेपिणे, किती मुले आणि कोणत्या वयात झाली, भोवतालची हवा, पाणी, औषधे, या सगळ्यांत काहीतरी आहे. त्यातले नेमके काय, हे शोधणे मात्र फार अवघड काम. त्यातलाच एक शोध आज सांगायचा आहे. तो डीडीटीचा.

डीडीटी हे नाव आपल्या गावांना नवे नाही. पॉल म्युलर नावाच्या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञाला १९३९ साली कळले, की ही पांढरी भुकटी किडामुंगीला मारते. १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ते उगाच नव्हे. आपल्या देशात तेव्हा वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली सरकारने हिवतापाची मोहीम सुरू केली. खाकी कपड्यातले लोक पंप घेऊन येत, घराच्या भिंतींवर आतून फवारा मारत आणि दारावर तारीख लिहून जात. आमच्या लहानपणी ‘डीडीटीवाले आले’ म्हटले की पोरांचा घोळका मागे. बायका मात्र कुरकुरत. भिंती पांढऱ्या होतात म्हणून दुसऱ्या दिवशी त्यावर शेणाचा पोतेरा फिरवत. डासाला मारायचे औषध पोतेऱ्याखाली! पण तरीही हिवताप ओसरला. दर वर्षी लाखोंनी मरणारी माणसे वाचली, हे विसरून चालणार नाही. डीडीटीला नुसत्या शिव्या देणाऱ्याने हिवतापाने रिकामी झालेली घरे पाहिलेली नसतात.

पण या भुकटीचा एक गुण वाईट. ती मरत नाही. पाण्यात विरघळत नाही, चरबीत मात्र मुरते. मातीत वर्षानुवर्षे राहते. चाऱ्यातून गाईम्हशीच्या अंगात जाते, दुधातुपातून माणसाच्या अंगात येते आणि तिथे ठाण मांडून बसते. अमेरिकेने १९७२ साली तिचा वापर बंद केला. आपल्याकडे शेतीत वापरायला १९८९ साली मनाई झाली.

आता प्रश्न असा, की किड्याचे औषध आणि बाईच्या छातीतली गाठ यांचा संबंध काय? तो समजायला बोस्टन शहरातली एक गंमत ऐका. बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचा एक रस असतो. मुलगी वयात येते, छाती भरते, ती या रसाच्या हुकमाने. हा हुकूम मिळाला की स्तनातल्या पेशी वाढतात. टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे अशा पेशी नळीत ठेवून अभ्यास करत. पेशींना खाद्य म्हणून रक्ताची निवळ घालायची, पण तिच्यातून इस्ट्रोजेन काढून टाकायचे. मग हुकूम नाही, म्हणून पेशी गप्प बसायच्या. एके दिवशी बघतात तो काय, हुकूम नसताना पेशी भराभर वाढत आहेत! कुणी खोडी केली का, हात नीट धुतले नव्हते का, सगळे तपासून झाले. कितीतरी महिने गेले. शेवटी दोष सापडला तो प्लॅस्टिकच्या नळीत. नळी तडकू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये एक रसायन मिसळले होते. ते झिरपून निवळीत उतरत होते आणि पेशींना खोटा हुकूम देत होते. १९९१ साली त्यांनी हे छापून जाहीर केले.

पाटलाचा शिक्का चोरून कुणी खोटी चिठ्ठी पाठवावी आणि कोतवालाने ती खरी मानावी, तसेच हे. डीडीटीचा एक प्रकारही अशीच खोटी चिठ्ठी घेऊन फिरतो.

पण नळीत झाले म्हणजे बाईच्या अंगात होते असे नाही. ते वेगळे सिद्ध करावे लागते. १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये रोगी बायांच्या रक्तात डीडीटीचा अंश जास्त सापडला. सगळीकडे बोलबाला झाला. पुढे १९९७ साली परिचारिकांची मोठी पाहणी झाली, तिच्यात काही सापडले नाही. लाँग आयलंड नावाच्या भागातल्या बायांनी आमच्याकडे हा रोग फार आहे म्हणून सरकारच्या मागे लागून चौकशी करायला लावली. तिचा निकाल २००२ साली लागला. त्यातही संबंध दिसला नाही. झाले! पुष्कळांनी पुस्तक मिटले.

इथे थोडे थांबा. रोपवाटिकेत असताना रोपाला कीड लागली आणि तुम्ही पीक कापणीला आल्यावर शेतात कीड शोधायला गेलात, तर काय सापडणार? या पाहण्यांत रक्त घेतले ते मोठ्या, उतरत्या वयाच्या बायांचे. औषध बंद होऊन बरीच वर्षे झालेली. शरीर डीडीटीचे रूप पालटून टाकते, आणि उरलेला अंश पाहून ते कोणत्या वयात अंगात गेले हे सांगता येत नाही. हिरोशिमा आणि नागासाकीवर १९४५ साली बाँब पडले, तेव्हा ज्या मुली लहान होत्या, त्यांच्यात पुढे हा रोग जास्त झाला. प्रौढ बायांत तितका नाही. म्हणजे इजा केव्हा झाली, याला महत्त्व. छाती घडत असते ते वय नाजूक.

तर मग लहान वयातले रक्त आणायचे कुठून? कुणी जपून ठेवले असले तरच.

आणि ते ठेवलेले होते! कॅलिफोर्नियात ओकलंड शहराकडे येरुशाल्मी नावाच्या एका शास्त्रज्ञाने १९५९ ते १९६७ या काळात पंधरा हजारांहून अधिक गरोदर बायांची नावे नोंदवली. त्यांचे रक्त घेऊन निवळ गोठवून ठेवली. तेव्हा कर्करोगाचा विचारही नव्हता. बाळंतपणात काय अडचणी येतात ते पाहायचे होते. त्याच काळात अमेरिकेत डीडीटीचा फवारा सर्वांत जोरात होता. शहाण्या घरात बी राखून ठेवतात, तशी ती निवळ राखली गेली. एका पिढीने राखले, ते दुसऱ्या पिढीच्या कामाला आले. मला तर या साऱ्या शोधात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पुढे बार्बरा कोन या बाईंनी ती निवळ बाहेर काढली. त्या बायांपैकी १२९ जणींना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांच्या जोडीला त्याच वयाच्या, रोग न झालेल्या १२९ बाया घेतल्या. सर्वांच्या जुन्या रक्तातले डीडीटी मोजले. सरसकट पाहिले असते तर मोठी गोष्ट झाकलीच राहिली असती. पण कोनबाईंनी वय लक्षात घेतले. अमेरिकेत डीडीटी बाजारात आले १९४५ साली. त्या वेळी ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या, त्यांच्यात ज्यांच्या रक्तात डीडीटी सर्वांत जास्त, त्यांना धोका पाचपट निघाला. ज्या तेव्हा चौदाच्या पुढे गेलेल्या होत्या, त्यांच्यात संबंध दिसला नाही. हे २००७ साली छापून आले.

मग त्यांनी लेकींचा माग काढला. गरोदर आईच्या रक्तात डीडीटी जास्त, तेव्हा मुलगी पोटात. ती मुलगी पन्नाशीपर्यंत पोचली तेव्हा काय झाले? सुमारे ९,३०० लेकींतून १०३ जणींना हा रोग झालेला आढळला. ज्यांच्या आईच्या रक्तात ते सर्वांत जास्त होते, त्या लेकींना धोका जवळजवळ चौपट. हे २०१५ सालचे. त्याच साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने डीडीटी हे ‘बहुधा कर्करोग करणारे’ म्हणून नोंदवले. ‘बहुधा’ हा शब्द त्यांनी विचार करून घातला आहे. २०२१ साली नातींवरची पाहणीही आली. आजीच्या रक्तात ते जास्त, तर नातीला पाळी लवकर येते आणि अंग स्थूल होते, असा संबंध त्यात दिसला.

चौपट, पाचपट ऐकून घाबरू नका. दहा रुपयांची पाचपट पन्नासच. तरुण वयात हा रोग मुळात थोड्यांनाच होतो, त्या थोड्याची ही पट आहे. भिंतीला फवारा मारला होता म्हणून गाठ होणारच, असे कुणी म्हणत नाही. शेतातल्या आजच्या सगळ्या औषधांची अशी दोन-दोन पिढ्यांची परीक्षाही झालेली नाही. म्हणून अमुक औषधाने हा रोग होतो असे मी इथे लिहिणार नाही. पण ज्याची परीक्षा झाली, त्यात नाजूक काळ कोणता निघाला ते पाहा. एक पोटातले बाळ, दुसरी न्हाण न आलेली मुलगी.

आता आपल्या शेतावर या. फवारणीच्या दिवशी बादलीत औषध कोण कालवते? पुष्कळदा बाईच. पाणी कोण वाहते? दहा-बारा वर्षांची पोर, शाळा बुडवून. हेडमास्तर म्हणून हजेरीपटावर फवारणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस मला कळत असत. पोटुशी बाई आणि लहान मुलगी यांना त्या दिवशी शेताबाहेर ठेवा. कालवायला काठी घ्या, हात घालू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, लेकराच्या लंगोटाबरोबर नको. आणि औषधाचा रिकामा डबा! दिसायला घट्ट, झाकणाचा, म्हणून त्यात तेल नाहीतर धान्य भरतात. कितीही घासला तरी तो डबा घरात घेऊ नये. भोके पाडून निकामी करा म्हणजे कुणाचा जीव त्यात गुंतणार नाही.

एक शंका नक्की येईल. हे विष चरबीत मुरते, तर आईच्या दुधातही उतरत असेल? हो, उतरते. आपल्या देशातल्या तपासण्यांत ते सापडलेले आहे. मग अंगावर पाजायचे बंद करावे का? मुळीच नाही. डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट आहे. आईच्या दुधाने बाळाचा जो फायदा होतो, तो या अंशाने होणाऱ्या नुकसानीहून कितीतरी मोठा. आणि पाजणाऱ्या आईचाही फायदा आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००२ साली असे निघाले, की बाई आयुष्यात एकूण जितके महिने अंगावर पाजते, त्यातल्या दर बारा महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका शेकडा चार या हिशेबाने कमी होतो.

राहिली गाठीची गोष्ट. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे एक प्रयोग केला. झोपडवस्तीतल्या दीड लाखांवर बाया त्यात होत्या. निम्म्यांना दर दोन वर्षांनी एक आरोग्यसेविका हाताने चाचपून तपासत असे. यंत्र नाही, फोटो नाही. शिकवून तयार केलेली बाई आणि तिची बोटे. २०२१ साली निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या ज्या बायांची अशी तपासणी झाली, त्यांच्यात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून छातीत किंवा काखेत गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडी आत ओढली गेली, तिच्यातून रक्त आले, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दुखत नसले तरी जा. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. पुष्कळ गाठी साध्या निघतात, पण ते तपासल्यावर कळते. तीस वर्षांवरच्या बायांची ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट करायची असे ठरलेले आहे. तिथे तपासायला बहुधा बाईच असते. एकटीला संकोच वाटला तर सासू-सून, जावा-जावा मिळून जा.