एस्केप दाबलं की काय होतं?



पतपेढीत किंवा एखाद्या ऑफिसात काळ्या पडद्यावर चालणारा जुना हिशेबाचा प्रोग्राम तुम्ही पाहिला असेल. डीबेस, फॉक्सप्रो ही त्यातली नावं. माऊस नाही, सगळं कीबोर्डवर. काम अडलं की बोट जातं एस्केपवर.

डीबेसमध्ये मग प्रोग्राम मध्येच थांबून विचारतो: रद्द करू, दुर्लक्ष करून पुढे जाऊ, की तात्पुरतं थांबू? घाईत रद्द केलं तर? समजा, ५०० रुपये एका खात्यातून दुसऱ्यात वळवायचेत. पहिल्यातून वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायचे राहिले. पैसे कुठेच नाहीत!

म्हणून काहीजण 'सेट एस्केप ऑफ' लिहून ती कीच बंद करतात. पण प्रोग्राम गोल गोल फिरत राहिला तर मशीन बंद करण्यावाचून इलाज नाही, आणि नोंद पुन्हा अर्धीच. (आमच्याकडे पावसात वीज गेली तरी तेच.)

मला पटते ती 'ऑन एस्केप'ची रीत. की दाबली की 'थांबायचंय' एवढीच खूण करायची. हातातली नोंद पूर्ण झाली की प्रोग्राम ती खूण बघतो, फाइल बंद करतो आणि बाहेर पडतो. घंटा झाली तरी हातच्याची बेरीज पुरी करूनच मुलं उठतात, तसं. (उठतात कसली!)

मोठ्या मुलांना दाखवायचं असेल तर पायथॉनमध्ये न थांबणारं लूप चालवून कंट्रोल-सी दाबायला सांगा. पडद्यावर 'कीबोर्डइंटरप्ट' असं येतं.