डायोडची जकात

सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरीला दोन उलट्या गोष्टींची भीती असते. पहिली क्षणात घडते: पॅनेल जोडताना प्लस-मायनसची अदलाबदल. मग पॅनेलच्या मागच्या डबीतल्या बायपास डायोडमधून बॅटरी सरळ शॉर्ट होते आणि डायोड किंवा वायर जळते. दुसरी रात्रभर चालते: बॅटरीतली वीज पॅनेलकडे परत झिरपते. 12 व्होल्टच्या धडधाकट पॅनेलमध्ये ही गळती थोडीच असते, कारण बॅटरीचा दाब 36 पेशींत वाटला जातो आणि एकेकीच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश व्होल्ट येतो. पण डबीत ओल शिरली असेल, बॅटरी लहान असेल आणि पावसाने आठवडाभर ऊन दाखवले नसेल, तर तेवढीही परवडत नाही.

या दोन्हींवरचा जुना पहारेकरी म्हणजे ब्लॉकिंग डायोड. तो पुढे जाणाऱ्या प्रत्येक अँपिअरवर जकात घेतो. साधा सिलिकॉन डायोड सुमारे 0.7 व्होल्ट खातो, प्रवाह मोठा असला तर आणखी. म्हणून सोलरमध्ये शॉट्की डायोड रुळला. धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्याचा सिद्धांत 1938 मध्ये मांडणाऱ्या वॉल्टर शॉट्की या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले. तो 0.3 ते 0.5 व्होल्टवर भागवतो. तरीही 100 वॅटच्या पॅनेलमधून साडेपाच अँपिअर वाहत असताना अडीच वॅटच्या आसपास उष्णता होते. शिवाय शॉट्की तापला की त्याची उलटी गळती वाढते. उन्हात भाजणाऱ्या बंद डबीत हा दोष दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

डायोडऐवजी मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर-स्विच वापरला, तर 5 मिलीओहम रोधाच्या नगात तेवढ्याच प्रवाहाला 0.15 वॅटच जातात. मग सगळेच मॉस्फेट का लावत नाहीत? अडचण इथेच आहे आणि अनेक हौशी मंडळी इथेच फसतात. उलट्या जोडणीसाठी सर्वत्र दिसणारे सर्किट सोपे आहे: पी-चॅनल मॉस्फेट, ड्रेन पुरवठ्याकडे, सोर्स लोडकडे, गेट रेझिस्टरमधून मायनसला. पॅनेलवर थेट चालणाऱ्या पंख्याला ते उत्तम. लोडच्या जागी बॅटरी आली की मात्र सोर्सवर कायम 12 व्होल्ट राहतात, गेट शून्यावर असते, म्हणून मॉस्फेट कधी बंदच होत नाही. चालू मॉस्फेटमधून वीज दोन्ही दिशांनी वाहते. रात्रीची गळती थांबत नाही आणि उलटे जोडलेले पॅनेलही अडत नाही. संरक्षण बसवल्याचे समाधान तेवढे उरते.

खरा इलाज म्हणजे मॉस्फेटच्या दोन्ही बाजूंचा दाब सतत तोलणारा कंट्रोलर, ज्याला आयडियल डायोड कंट्रोलर म्हणतात. मूळचा लिनियर टेक्नॉलॉजीचा एलटीसी4357 मॉस्फेटवर 25 मिलिव्होल्टचा फरक राखू पाहतो, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एलएम74700 20 मिलिव्होल्टचा. प्रवाह उलटला की दोघेही मायक्रोसेकंदाच्या आत गेट बंद करतात. यांत एन-चॅनल मॉस्फेट चालतो. तेवढ्याच आकारात त्याचा रोध पी-चॅनलपेक्षा बराच कमी असतो, पण गेटला पुरवठ्याहून जास्त दाब लागतो. तो चिपमधला चार्ज पंप देतो. मॉस्फेट निवडताना 60 व्होल्टचा घ्यावा. पॅनेल उलटे जोडले तर त्याचे खुले 22 आणि बॅटरीचे 14 व्होल्ट एकत्र होऊन त्याच्यावर येतात.

एवढा खर्च नेहमी सार्थकी लागतो असे मी म्हणणार नाही. साध्या पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलरवर 12 व्होल्टचे म्हणवले जाणारे, प्रत्यक्षात 18 व्होल्टचे पॅनेल बॅटरीच्याच दाबाला येऊन चालते. मधले व्होल्ट तसेही वाया जातात आणि डायोड आपला वाटा त्यातूनच उचलतो. चार्जिंगचा प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. हिशेब बदलतो तो उन्हाळ्यात. विदर्भातल्या मे महिन्यात पेशी 65 अंशांवर गेल्या की 18 व्होल्ट 15 च्या आसपास घसरतात. बॅटरीला पूर्ण भरायला 14.4 हवेत, वायरही थोडे खाते. तिथे डायोडचा अर्धा व्होल्ट खराच लुटला जातो. पॅनेलला सर्वाधिक शक्तीच्या दाबावरच चालवणारा एमपीपीटी कंट्रोलर असेल, तर ही लूट बारा महिने चालते.

लहान दिव्यांत ती सगळ्यात जास्त बोचते. एका पेशीतून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणजे शॉट्की जवळजवळ एक अख्खी पेशी गिळतो. 36 पेशींत ते खपून जाते. अभ्यासाच्या दिव्याच्या 6 व्होल्टच्या पॅनेलात पेशीच 12 असतात.