शाळेच्या कारभारात पालकांची खुर्ची

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणात स्थान आहे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात. मुख्याध्यापक सचिव असतात. समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते, अनुदान कुठे खर्च झाले ते पाहते. म्हणजे हिशेब विचारणे हा पालकांचा हक्कच आहे, आणि तो बिनधास्त वापरावा.

या समितीचे खरे मोल मला बीडसारख्या जिल्ह्यात दिसते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे गाव सोडतात. मुले सोबत गेली की शाळा अर्ध्यावर सुटते. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय असते आणि ती चालवण्यात समितीचा वाटा मोठा असतो. पण मुलांना मागे ठेवायचे तर आईबापांशी बोलणी त्यांनी कोयता उचलण्याआधी व्हायला हवीत. मूल कोणत्या आजीकडे झोपेल, दुखलेखुपले तर कोण धावेल, हे शेजारीपाजारीच सांगू शकतात. विशेषतः वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवताना आईला कागदी हमी पुरत नाही. ओळखीची, भरवशाची बाई लागते.

म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीला जाताना मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला मागा.